शाकाहारी माणसाच्या मेंदूत पट्टकृमी कसा पोहोचतो?

“आम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मग मेंदूत जंताची गाठ कशी?” आपल्या जालना जिल्ह्यात फिट आलेल्या रुग्णाचे नातेवाईक स्कॅनचा रिपोर्ट हातात घेऊन हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर या रोगाच्या इतिहासात आहे.

डुकराच्या मांसात कधी कधी पाण्याने भरलेले बारीक फोड दिसतात. पूर्वी तो वेगळाच जीव समजला जाई. १८५५ मध्ये जर्मन डॉक्टर कुखेनमायस्टर यांनी फाशीच्या कैद्याला, त्याला न सांगता, असे फोड असलेले मांस खायला दिले. मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी म्हणजे टेपवर्म सापडले. आज असा प्रयोग गुन्हाच ठरेल. पण फोड हे पट्टकृमीचेच पिल्लू, हे त्यातून कळले.

ही झाली अर्धी गोष्ट. आतड्यातल्या कृमीची अंडी माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली तर त्याच्या मांसात फोड होतात. माणसाच्या पोटात गेली तर त्याच्याच स्नायूंत आणि मेंदूत होतात. म्हणजे मेंदूतली गाठ मांसातून नव्हे, माणसाच्या विष्ठेतून येते.

भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना फिट येऊ लागल्या, तेव्हा लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी १९३० च्या दशकात हे कारण पुढे आणले. १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेकांना संसर्गानंतर काही वर्षांनी पहिली फिट आली होती. पुढे सीटी स्कॅन आले. भारतीय रुग्णांच्या मेंदूतली छोटी गाठ तेव्हा अनेकदा क्षयाची समजून टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी गाठी तपासून दाखवले की त्यांतल्या बहुतेक पट्टकृमीच्या आहेत.

कोबीत हा किडा जन्मत नाही. मैलामिश्रित पाणी किंवा माती लागलेल्या कोणत्याही भाजीवर त्याची अंडी असू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. घरात कोणाच्या पोटात पट्टकृमी असेल आणि त्याने शौचानंतर साबणाने हात धुतले नाहीत, तर त्याच्या हातच्या जेवणातूनही ती पसरतात.

म्हणून संडास वापरा, हात धुवा, कच्ची भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवा, मांस पूर्ण शिजवा. फिट आली तर भगताकडे वेळ घालवू नका. जंताचे औषधही मनाने घेऊ नका. मेंदूतली गाठ मरताना सूज वाढून फिट येऊ शकते. योग्य उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.