फवारणीनंतर झोप उडते, चिडचिड होते : कारण औषधात असू शकते का?

अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगाव-पाथर्डीचा कापूस असो, पारनेरचा कांदा की राहाता-संगमनेरचे डाळिंब, हंगामात फवारणी चुकत नाही. अशा दिवसांत धडधाकट माणसालाही रात्री झोप लागत नाही, विचित्र स्वप्ने पडतात, क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो. घरचे म्हणतात, ‘टेन्शन आहे.’ कधी ते खरे असते. कधी कारण पाठीवरच्या पंपात असते.

शरीरात काय होते?
मेंदू आणि नसा ॲसिटिलकोलीन या रसायनातून निरोप पाठवतात. काम झाले की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे विघटन करते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके हेच एन्झाइम बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जाते. जागेपण आणि स्वप्नांची झोप या दोन्हींत या रसायनाचा वाटा असल्याने झोपेची घडी विस्कटते.

स्मृतिभ्रंशावरचे डोनेपेझिल हे औषधही हेच एन्झाइम रोखते, पण ठरलेल्या मात्रेत. निरोगी प्रौढांवरील लहान अभ्यासांत त्याने स्वप्नांची झोप वाढल्याचे दिसले आहे. रात्रीच्या गोळीने झोपमोड होत असेल, तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. गोळी स्वतःहून बंद करू नका.

लक्षणे
- सौम्य : डोकेदुखी, मळमळ, घाम, अस्वस्थता, झोपमोड.
- गंभीर : लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, उलटी-जुलाब, स्नायू फडफडणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे.

वारंवार संपर्क येणाऱ्यांत उदासी, चिंता आणि विसराळूपणा जास्त आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. मात्र कर्ज, दुष्काळ, दारू हीही कारणे असतात. म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा.

परिणाम किती दिवस?
लाल रक्तपेशींतील एन्झाइम पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागू शकतात. त्यामुळे लागोपाठच्या फवारण्यांचा परिणाम साचतो. हंगामाआधी आणि नंतर कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून तुलना करता येते.

काय करावे?
- वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. औषध कातडीतूनही शरीरात जाते.
- फवारणी करताना तंबाखू, विडी, जेवण नको. नंतर साबणाने अंघोळ करा. कपडे वेगळे धुवा.
- त्रास होताच कपडे काढून अंग धुवा, १०८ वर फोन करा, बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. उलटी मुद्दाम काढू नका. दवाखान्यात ॲट्रोपिनसारखे उतारे मिळतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून ‘थोडी चक्कर आहे’ म्हणून अंगावर काढू नका.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जीव नकोसा वाटला, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. डॉक्टरांकडे गेल्यावर काय फवारले आणि कधी, हे आपणहून सांगा.