‘दुक्ख’ शब्दाची अर्थव्याप्ती

पालि ‘दुक्ख’ या शब्दासाठी मराठीत ‘दुःख’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने योजतो की, दोहोंचा अर्थ एकच असावा असे वाटते. परंतु मराठीत ‘दुःख’ म्हटले की शोक, विलाप आणि मनाची व्यथा प्रथम डोळ्यांपुढे येते. बुद्धवचनातील ‘दुक्ख’ याहून व्यापक आहे. हा भेद नजरेआड झाल्याने धम्मावरील निराशावादाच्या आरोपाला बळ मिळाले, असे आम्हांस वाटते.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते. ‘ख’ म्हणजे छिद्र. ज्याच्या चाकातील आसाचे छिद्र नीट, तो रथ ‘सुख’, असा अर्थ काही जण लावतात. अन्य अभ्यासक ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट स्थितीतील, या शब्दाकडे निर्देश करतात. इ. स. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ रचणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी निराळीच फोड केली आहे : ‘दु’ म्हणजे कुत्सित आणि ‘खं’ म्हणजे तुच्छ, रिक्त. नित्यता, शुभ, सुख व आत्मा यांनी रहित ते दुक्ख, हा सिद्धान्त त्यांनी या फोडीत गोवला.

सुत्तपिटकात जम्बुखादक परिव्राजकाच्या प्रश्नाला उत्तर देताना सारिपुत्त तीन ‘दुक्खता’ सांगतात. प्रत्यक्ष वेदना ही दुक्खदुक्खता. सुखद अवस्था पालटल्याने होणारी ती विपरिणामदुक्खता. आणि जे जे कारणांनी घडलेले आहे त्याच्या ठायी असलेली अपूर्णता ही संखारदुक्खता. याउलट, सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स या क्रमात ‘दुक्ख’ म्हणजे केवळ शरीराची पीडा; मनाच्या पीडेला तेथे ‘दोमनस्स’ हा स्वतंत्र शब्द आहे.

येथे आपली बोलीच साहाय्याला येते. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला ‘दुःख’ मनाकडे झुकला. परंतु प्राकृताच्या वाटेने आलेला ‘दुखणे’ शरीरापाशी राहिला. डोके दुखते, पाय दुखतो. आणि ‘दुखणे’ म्हणजे आजारही. ‘विसुद्धिमग्गा’त दुक्खसत्याला रोगाची, समुदयाला रोगाच्या कारणाची, निरोधाला रोगशमनाची आणि मार्गाला औषधाची उपमा दिली आहे. ‘दुखणे’ या मराठी शब्दात ती उपमा जणू आधीच वसली आहे. दुखण्याचे निदान करणाऱ्या वैद्याला कोणी निराशावादी म्हणत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या रूढ मांडणीत माणसाला आशा उरत नाही, ही त्यांची हरकत होती. त्याच ग्रंथात दुःखाचे अस्तित्व मान्य करून त्याच्या निवारणाचा मार्ग दाखविणे हा धम्माचा पाया ठरविला आहे. ‘दुक्ख’ हा शब्द विलापाचा न मानता निदानाचा मानला, तर या दोन्ही विधानांतील संगती ध्यानी येते. दारिद्र्य व अन्याय यांनाही मग प्राक्तन म्हणून सोसावे लागत नाही. त्यांचे कारण शोधता येते आणि ते दूरही करता येते.