कोळसा खाणीतील छताची परीक्षा : काठीच्या ठोक्यापासून गुणांकनापर्यंत

भारतातील भूमिगत कोळसा खाणींत झालेल्या अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये छत कोसळणे हे कारण दीर्घकाळ अग्रस्थानी राहिले. त्यामुळे छताच्या स्थैर्याचे मूल्यमापन हा तंत्रविद्येइतकाच श्रमिकांच्या इतिहासाचाही विषय ठरतो.

1901 च्या खाण अधिनियमानंतर 1902 मध्ये कलकत्त्यास खाण निरीक्षणाचे सरकारी कार्यालय सुरू झाले. तथापि, प्रत्यक्ष परीक्षा सरदाराच्या काठीवरच अवलंबून होती. ठोका मारल्यावर खणखणीत नाद आला तर खडक अखंड. बद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटलेला. हा नाद नोंदवहीत उतरवणे मात्र शक्य नव्हते.

1973 मध्ये बिएनियाव्स्की यांनी दक्षिण आफ्रिकेत खडकास गुण देण्याची पद्धत मांडली. तिचा आधार प्रामुख्याने बोगद्यांचा अनुभव होता. कोळशावरील छत थराथरांचे असते. म्हणून 1980 च्या दशकात धनबाद येथील केंद्रीय खाण संशोधन संस्था व इंडियन स्कूल ऑफ माइन्स यांनी भारतीय खाणींसाठी स्वतंत्र गुणांकन सिद्ध केले. त्यातील 100 गुणांपैकी थरांच्या जाडीस 30, भेगा व स्तरभंगादी रचनेस 25, ओलाव्याने झिजण्याच्या प्रवृत्तीस 20, खडकाच्या बळास 15 आणि भूजलास 10 गुण आहेत.

बळास अवघे 15 गुण, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु बळकट खडकही पातळ थरांत विभागलेला असेल तर वाकून सुटतो. सरदाराची काठी नेमके हेच थरांचे सुटणे ऐकत होती. तक्त्याने त्याच अनुभवास सर्वाधिक गुण दिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या गुणांवरून आधाराचा हिशेब करता येतो. 4 मीटर रुंद मार्गात खडकाची घनता घनमीटरला 2.5 टन धरल्यास, 40 गुणांच्या छताचा भार चौरस मीटरला सुमारे 5.4 टन, तर 60 गुणांच्या छताचा सुमारे 2 टन येतो. रूफ बोल्ट किती व किती अंतरावर, हे त्यावरून ठरते.

भूजलाच्या 10 गुणांविषयी मात्र शंका राहते. वर्धा खोऱ्यात कोळशावर जलधारक कामठी वालुकाश्म आहे. तेथे हे गुण तोकडे वाटतात. शिवाय गुणांकन निवडक जागांच्या पाहणीवर आधारलेले असते. दोन जागांमधील एखादी तिरकी भेग त्यातून निसटू शकते. कोळसा खाण विनियम, 2017 ने स्तरनियंत्रण व निरीक्षणाची योजना आवश्यक केली. तरीही पाळीगणिक छत तपासण्याचे काम सरदाराकडेच आहे.