मायक्रोफोन : हुबेहूब ध्वनिग्रहणाचा शोध

मायक्रोफोन (ध्वनिग्राहक) : हवेतील ध्वनितरंगांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन. त्याच्या अचूकतेच्या कसोट्या तीन. माणसाला ऐकू येणाऱ्या साधारण २० ते २०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात प्रतिसाद सर्वत्र सारखा हवा, साधनाची स्वतःची खरखर नगण्य हवी आणि कुजबुजीपासून ढोलाच्या टिपरापर्यंत काहीही विकृत होता कामा नये. या तिन्ही कसोट्यांना एकाच वेळी उतरणे फार कठीण.

इतिहास : १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरातच नव्हता. गायिका कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गात आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरत असे. खर्जातला भरणा आणि वरचे उपस्वर त्यात गळून पडत. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंटी यांनी कंडेन्सर मायक्रोफोन बनवला आणि १९२५ पासून तबकड्यांसाठी विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाले.

कार्यपद्धती : कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये ताणून बसवलेला पातळ पडदा आणि त्याच्या मागे धातूची स्थिर चकती असते. दोहोंवर विद्युत् भार असतो. ध्वनीने पडदा हलला की मधले अंतर बदलते आणि त्याबरोबर संकेतही. १९४९ मध्ये जर्मनीच्या नॉयमान कंपनीने आणलेल्या यू-४७ मध्ये हा पडदा सोन्याचा थर दिलेल्या प्लास्टिकचा होता. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी कायमचा भार धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पापुद्र्यापासून इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. तो स्वस्त व चिमुकला असल्याने घरोघर पोचला. आज मोबाइलमध्ये सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले मायक्रोफोन बसवलेले असतात.

पडद्याची अडचण : पडद्याला वजन आणि ताण असतो, त्यामुळे ठरावीक कंप्रतेला तो अधिक थरथरतो. त्याचा आकारही आड येतो. २०,००० हर्ट्झच्या तरंगाची लांबी जेमतेम १७ मिमी. एक इंची, म्हणजे २५ मिमी व्यासाचा पडदा त्याच्या वाटेत आला की समोरून येणारे उंच स्वर फुगतात, बाजूने येणारे दबतात. पाव इंची पडदा हा दोष बराच टाळतो, पण त्यावर दाबाचा जोर कमी पडतो आणि खरखर वर डोके काढते. जवारीदार तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करताना हा पेच लगेच कानावर येतो. जवारीची झळाळी उपस्वरांच्या दाट थरांत असते आणि षड्ज विरत जातो तेव्हा उरलेल्या शांततेत यंत्राची सूंसूं ऐकू येते.

पडद्याविना मायक्रोफोन : १९९४ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात जन्मलेल्या मायक्रोफ्लोनमध्ये दोन अतिसूक्ष्म तारा तापवलेल्या असतात. ध्वनीबरोबर हलणारी हवा एका तारेची ऊब दुसरीकडे ढकलते. त्यातून दाबाऐवजी हवेच्या कणांचा वेग आणि त्याची दिशा कळते. व्हिएन्नाच्या झारिऑन कंपनीच्या मायक्रोफोनमध्ये समोरासमोरच्या दोन इवल्या आरशांमध्ये लेसर खेळतो. ध्वनीमुळे हवेची घनता बदलली की प्रकाशही बदलतो. हलणारा भागच नसल्याने तो १० लाख हर्ट्झपर्यंत टिपू शकतो. त्याचा मुख्य उपयोग कारखान्यात, वस्तूंमधले दोष शोधण्यासाठी होतो.

अमेरिकेच्या बिंगहॅम्टन विद्यापीठातील रॉन माइल्स व जियान झोऊ यांनी २०१७ मध्ये दाखवले, की कोळ्याच्या जाळ्याचा नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका बारीक तंतू १ ते ५०,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ हवेच्याच वेगाने हलतो. त्यावर सोन्याचा थर देऊन तो चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्यातून विद्युत् संकेत मिळतो.

सद्यःस्थिती : २०१९ पासून ३२-बिट फ्लोट पद्धतीची छोटी फिरती ध्वनिमुद्रण यंत्रे बाजारात आली. त्यांत आवाजाची पातळी आधी चुकली तरी नंतर सावरता येते, पण मायक्रोफोनमध्येच शिरलेली विकृती पुसता येत नाही. स्टुडिओत अजून कंडेन्सरचाच वरचष्मा आहे, कारण मंद स्वर टिपताना त्याची खरखर सर्वांत कमी असते. तंतूचा चपळपणा आणि ही शांतता एकाच साधनात आणणे, हे संशोधकांपुढचे काम आहे.