रहवाल चालीचा घोडा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. तिकडे पॉइंटर आणि सेटर जातीच्या कुत्र्यांच्या फील्ड ट्रायल होतात. ही कुत्री माळावर लांबवर धावत सुटतात आणि गवतात दडलेल्या लाव्यांचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजतात. पंच आणि कुत्र्याला हाताळणारा माणूस घोड्यावर बसून मागे असतात. भाच्याला यासाठी घोडा घ्यायचा होता. "मामू, तुम्ही एवढा इतिहास वाचता, मग घोडा कसा निवडायचा तेही सांगा की!"

खारघरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचा घोड्याशी संबंध तो काय? वरातीत दिसेल तेवढाच. पण उत्तर शोधू लागलो आणि टेनेसीहून सरळ दख्खनमध्ये येऊन पोचलो.

टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनजवळ एम्स प्लांटेशन आहे. तिथे १९१५ पासून अनेक दशके कुत्र्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरत आली. एकेक फेरी तीन तासांची. एवढा वेळ खोगिरावर बसायचे तर घोडा दुडक्या चालीचा असून चालत नाही. दुडकीत दोन-दोन पाय जोडीने पडतात आणि स्वार प्रत्येक टापेला वर उडतो. म्हणून तिकडचे लोक टेनेसी वॉकिंग हॉर्स पसंत करतात. त्याचे चारही पाय वेगवेगळ्या ठोक्यावर पडतात, मागचा पाय पुढच्याच्या खुणेपलीकडे जातो आणि स्वार खुर्चीत बसल्यासारखा स्थिर राहतो. शिवाय घोड्याची छाती घट्ट हवी. पक्षी उडाले की बिनगोळीचा बार काढतात, त्याला तो बुजता कामा नये. पायांत कुत्री घोटाळली तरी लाथ झाडता कामा नये. स्वार उतरून कुत्र्याकडे गेला तर लगाम सैल सोडूनही उभे राहिले पाहिजे. फार उंच घोडा नको, कारण दिवसभरात अनेकदा चढउतार करावी लागते. रंग आणि देखणेपण या सगळ्यानंतर.

अशा मऊ चालीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, रहवाल. मूळ फारसी रहवार, म्हणजे वाट चांगली चालणारा. टेनेसीच्या घोड्याची चाल अगदी तीच नव्हे, पण कूळ तेच. लांबच्या मजला मारणाऱ्या माणसाला भरधाव पळणाऱ्यापेक्षा रहवाल घोडा जास्त मोलाचा वाटे.

याहून मजेचा शब्द ताजी. जुन्या मराठीत ताजी म्हणजे उमदा, अरबी घोडा. फारसीत ताजी म्हणजे अरबी घोडाही आणि शिकारी कुत्राही. अफगाणिस्तानातल्या शिकारी कुत्र्याचे नाव आजही ताजी आहे. घोडा आणि कुत्रा एकाच शब्दात नांदावेत इतकी त्यांची शिकारीतली जोडी पक्की होती. कुत्रा म्हटले की आपल्या घरांत नाक मुरडले जाते, पण सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची मोकळीक आहे. दख्खनच्या माळांवर कारवानी आणि पश्मी कुत्री सशामागे सोडली जात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी यांतल्याच कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि आज सगळे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात.

घोड्याची किंमत काय होती, हे चौलच्या बंदरात कळते. चौल आपल्याच रायगड जिल्ह्यातले. सुमारे १४७० मध्ये अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन तिथे उतरला. एकच घोडा. तो विकून नशीब काढायचे, एवढाच बेत. जुन्नरला असद खानाने तो घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, तर परत देतो, असे बजावले. शेवटी एका खुरासानी मुसलमानानेच रदबदली केली, आणि निकितिनचा घोडाही वाचला, धर्मही. या गोष्टीतला खान सगळे सांगतात. तो खुरासानी सांगणारे मला फार थोडे भेटले.

घोडा निवडण्याची विद्याही अशीच हातोहात फिरली आहे. शालिहोत्र हे संस्कृत अश्वशास्त्राचे नाव. पंधराव्या शतकात बहमनी दरबारात अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्राचा फारसी तर्जुमा केला. पुढे शालिहोत्राचे सालोतर झाले आणि घोड्यांच्या वैद्याला सालोतरी म्हणू लागले. ऋषीचे नाव, फारसीच्या तोंडून आलेले, आणि ते लावून घेणारे कितीतरी सालोतरी मुसलमान! उर्दूत रंगीन या शायराने स्वतंत्र फरसनामा लिहिला.

या ग्रंथांत एक भाग मात्र मला पटत नाही, तो भोवऱ्यांचा. गळ्यावर भोवरा असेल तर देवमण, म्हणून शुभ. डोळ्याखाली असेल तर आसूढाळ, म्हणून मालकाला रडवणार. सारंगखेड्याच्या बाजारात आजही गिऱ्हाईक भोवरे पाहते आणि चांगल्या जनावराची किंमत त्यापायी पडते. भाच्याला मी कळवले की भोवरे सोड, खूर पाहा.

कारण खुराचे महत्त्व ज्यांना पोटापाण्यासाठी घोडा लागे त्यांनी कधीच ओळखले होते. भीमेच्या काठची भीमथडी तट्टे दिसायला साधी, पण खूर दगडासारखे. मराठ्यांची दौड ह्या तट्टांच्या जिवावर चाले. सभासदाने १६९७ च्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल, बस्स. या दोन्ही कामांची नावे पुढे आपल्या समाजात बिरादरीची आणि आडनावांची झाली. पखाली आणि नालबंद आजही महाराष्ट्रात गावोगाव आहेत. दख्खनच्या स्वारीत मुसलमान कुठे होता, असे कोणी विचारले की मी तलवारीच्या गोष्टी सांगत नाही. लगाम, रिकीब, खोगीर, तोबरा, चाबूक, नाल, पागा, सईस हे शब्द एका दमात म्हणून दाखवतो.

नालबंदाला घोड्याचे पाय जितके कळतात तितके ग्रंथकाराला कळत नाहीत. तो पाय उचलून मांडीवर घेतो तेव्हाच जनावर तापट आहे की समजूतदार, हे त्याला उमगते. भाच्याला दुसरा सल्ला हाच दिला: विकणाऱ्याचे ऐकण्याआधी त्या घोड्याला नाल ठोकणाऱ्याला गाठ. चौथ्यांदा चढताना घोडा कसा वागतो ते पाहा. आणि घोडा दुसऱ्याला चालवायला सांगून आपण बाजूला उभा राहून टापांचे ठोके मोज.

आपल्या भागात पाठीवर माणूस घेऊन रोज चालणारे घोडे बघायचे तर माथेरान गाठावे लागते. तिथे पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे नवख्या माणसाला घेऊन उतारावर शांत चालेल तोच घोडा कामाचा ठरतो. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली तेव्हा घोडेवाल्यांनी हरकत घेतली. नाल लावलेली टाप त्यावर घसरते, लाल मातीत ती रुतून बसते, असे त्यांचे म्हणणे होते.