साल्पेत्रिएरची कैफियत

पॅरिस नगरीत सीन नदीच्या डाव्या तीरावर बंदुकीच्या दारूसाठी एके काळी सोरा तयार होत असे, आणि तो कारखाना गेला तरी सोऱ्याच्या फ्रेंच शब्दावरून पडलेले साल्पेत्रिएर हे नाव त्या जागेस कायमचे चिकटले. १६५६ साली चौदाव्या लुईच्या फर्मानाने शहरातील भिकारी व निराधार यांचा बंदोबस्त करण्याचे ठरले, तेव्हा ही वास्तू स्त्रियांच्या वाट्यास आली. आणि पुढील दोन शतके वृद्ध, पंगू, भ्रमिष्ट, अपस्मारी अशा ज्या ज्या स्त्रिया शहराला नकोशा झाल्या, त्यांना येथे आणून सोडण्याचा जणू परिपाठच पडला.

१८६२ साली झां-मार्तें शार्को हा चिकित्सक तेथील कारभारावर आला. अन्य इस्पितळांतून रोगी येत व जात. येथे मात्र रोगी वर्षानुवर्षे राही, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणीही येथेच होई, म्हणून जिवंतपणीची लक्षणे आणि शवविच्छेदनातील पुरावा हे दोन्ही कागद एकाच दफ्तरात येत. कंप सुटलेल्या स्त्रियांना सरसकट कंपवाताच्या सदरात टाकले जाई. पण कोणाचा हात मांडीवर विसावला असतानाच थरथरतो, तर कोणाचा पाण्याचा पेला ओठांकडे नेऊ लागताच, हा भेद शार्कोने हेरला. ह्या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांची बुबुळे अस्थिर असत आणि वाणी अक्षराअक्षरावर अडखळे. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत व मज्जारज्जूत करड्या रंगाचे कठीण चट्टे विखुरलेले आढळत. असे चट्टे कार्सवेल आणि क्रूवेल्ये ह्या वैद्यकांनी आपल्या चित्रसंग्रहांतून आधीच रेखाटले होते; परंतु लक्षणे आणि चट्टे यांची सांगड घालून एका स्वतंत्र व्याधीची निश्चिती झाली ती १८६८ च्या सुमारास, शार्कोच्या व्याख्यानांतून. तीच आजची मल्टिपल स्क्लेरोसिस.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दिसले ते अधिकच विलक्षण होते : चट्ट्यातील मज्जातंतू पुष्कळदा शाबूत, परंतु त्यावरील मायलिनचे आवरण मात्र नाहीसे झालेले. ह्याचा पूर्ण अर्थ लागावयास विसावे शतक उजाडावे लागले. आवरणात ठिकठिकाणी पडलेल्या खंडांपाशी मज्जातंतूतील संदेश, जुन्या डाकेतील जासूद चौकीचौकीवर ताजा घोडा घेई तसा, नवा जोम घेऊन पुढल्या खंडाकडे झेपावतो, हे १९४९ साली हक्स्ले व श्टेम्फ्ली ह्या शास्त्रज्ञांनी दाखविले. आवरण गेले की ही दौड मंदावते, वा संदेश वाटेतच विरतो; आणि पुढे तंतूही तुटू लागतात.

१९८१ पासून चुंबकीय प्रतिमांनी हे चट्टे जिवंत माणसातच दाखविले, आणि नंतरच्या तंत्राने मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या वाटाही रेखता आल्या. तेव्हा कळले की ह्या व्याधीत विचार मंदावतो, तो बहुधा एखादे ठाणे पडल्याने नव्हे, तर ठाण्याठाण्यांमधील दळणवळण विस्कळीत झाल्याने. आणि काही काळ मेंदू आडवाटांनी आपला कारभार रेटीतही असतो. त्या स्त्रियांचा पेला ओठांशी पोहोचता पोहोचता का हिंदकळे, ह्याचे उत्तर हातात नव्हतेच. ते वाटेत होते.