पंकला लागलेली चाळिशी

इंग्लंडात १९७६ च्या सुमारास ‘पंक’ नावाचे एक गाणेबजावणे पुढे आले. गिटारीवरचे दोन-तीन स्वरमेळ, कर्कश आवाज, फाटके कपडे आणि त्यांना टोचलेल्या पिना. गळा तयार नसला तरी चालेल, पण बोलायचे ते आत्ताच, असा त्याचा बाणा. आदल्याच वर्षी तेथे महागाई शेकडा २४ वर गेली होती. बेकारांचा आकडा दहा लाखांच्या पलीकडे होता. ही सारी कामगारांचीच पोरे होती असे मात्र नव्हे. कित्येकजण कलाशाळांतून आलेले, आणि ‘सेक्स पिस्टल्स’ या चमूचा व्यवस्थापक माल्कम मॅकलॅरेन हा तर कपड्यांचा दुकानदार. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात या चमूने तिच्यावर बोचरे गाणे काढले. बी. बी. सी. ने ते वाजविण्याचे नाकारले, तरी खपात ते दुसऱ्या क्रमांकावर गेले.

श्रोतेहो, तेव्हाची ती सोळा वर्षांची मुले आता म्हातारी झाली. २०१५ साली एका बँकेने त्यांच्या त्या तबकड्यांची वेष्टणे आपल्या क्रेडिट कार्डांवर छापली! पुढल्या वर्षी लंडनात चाळिशीचा सोहळा झाला, महापौरांच्या पाठिंब्याने. तेव्हा मॅकलॅरेनचा मुलगा ज्यो कोरे चिडला. २६ नोव्हेंबर २०१६ रोजी थेम्सवर नाव उभी करून त्याने त्या काळच्या वस्तू जाळल्या. त्यांची किंमत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पन्नास लाख पौंड. विकून दानधर्म का केला नाही, म्हणून लोक संतापले. आम्हांस वाटते, जाळणारा आणि मखरात बसविणारा, दोघेही त्या कपड्यांपाशीच अडकले होते.

चाळिशी लागली की दूरचे स्वच्छ दिसते, बारीक अक्षर मात्र लागत नाही. आमच्याच जुन्या सोबत्यांचा मेळावा घ्या. मोर्च्यातल्या घोषणा सर्वांना पाठ. मागण्या काय होत्या म्हणून विचारले, तर दोघे-तिघे बोलतात. आम्हीही कधीकधी चाचरतो.

१९७६ च्या ऑगस्टातले बारीक अक्षर असे. बर्मिंगहॅमला एरिक क्लॅप्टन या नामांकित वादकाने व्यासपीठावरून परदेशीयांविरुद्ध गरळ ओकली. त्याच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ ला हजारो तरुण ट्रफाल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेले. तेथे ‘द क्लॅश’ हे पंकवाले आणि ‘स्टील पल्स’ ही बर्मिंगहॅमची काळी मुले एकाच मंचावर गायली. त्याच ऑगस्टात लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून, गुजरातेतून टांझानियामार्गे आलेल्या जयाबेन देसाई बाहेर पडल्या. साडी नेसून त्या फाटकावर उभ्या राहिल्या. पंकवाले त्यांच्याकडे गेले असे आम्ही म्हणत नाही. मागणी एवढीच होती की मालकाने युनियन मान्य करावी. दोन वर्षे झाली, जुलै १९७८ मध्ये संप संपला. युनियन मान्य झाली नाही.